ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांची शाळा आणि मिशन कंपाउंडमधलं घर

सलाम. तुमचं पत्र मिळालं. येत्या जूनमध्ये तुम्ही नवराबायको सहा आणि तीन वर्षांच्या दोन लेकरांना घेऊन बीडकडच्या एका तालुक्याच्या गावी मिशनच्या कामाला जाताय. तिथल्या वाड्यातांड्यांवरची मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि त्यांची शाळा तुटते. त्यांना शाळेत टिकवायला आपल्या घराने नक्की काय करायचं, वसतिगृह काढायचं का, आणि हे सगळं करताना स्वतःची मुलं कशी सांभाळायची, असं तुम्ही विचारलंय.

मी पाळकाची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूची, बायको. आम्ही दोघं २९ वर्षं मराठवाड्यातल्या एका जुन्या मिशन कंपाउंडमध्ये राहिलो. आमची तिन्ही मुलं तिथेच वाढली. त्या अनुभवावरून लिहिते. काही गोष्टी आम्ही आधी चुकून मग शिकलो, त्याही लिहिते, म्हणजे तुमची तेवढी वर्षं वाचतील.

जूनमध्ये तुम्ही पोचाल तेव्हा जिल्हा परिषदेची शाळा भरलेली दिसेल. पहिलीच्या वर्गात दाटीवाटीने मुलं बसलेली असतील. तुम्हाला वाटेल, इथे आपलं काय काम? थांबा. दसऱ्याच्या सुमाराला मुकादम, म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणारे ठेकेदार, वस्तीवर येऊ लागतात. बहुतेक घरांनी उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, ती कुणाच्या लग्नाला, कुणाच्या आजारपणाला खर्च झालेली असते. दिवाळी झाली की एका रात्रीत गाड्या भरतात. भांडी, पिठाचे डबे, शेळी, कोंबड्या आणि लेकरं, सगळं एकाच ट्रॉलीत. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन बघा. निम्मा वर्ग रिकामा असतो. माणसं परततात ती मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. शाळेचं वर्ष आणि ऊसाचं वर्ष एकमेकांना असं छेदून जातं. तुमचं सगळं काम या छेदाच्या जागी आहे. जून ते ऑक्टोबर तयारीचे महिने समजा.

आमची पहिली मोठी चूक सांगते. आम्ही गेल्या गेल्या वसतिगृह काढलं. मिशनची जुनी बोर्डिंगची इमारत होतीच, कौलं बदलली, चुना मारला आणि १४ मुली ठेवून घेतल्या. आईबाप खूष होते, आम्हीही. जानेवारी उजाडेपर्यंत त्यातल्या पाच मुली गेल्या. एकेकीची आई थेट ऊसतोडीच्या फडावरून यायची, दारात उभी राहायची, आणि बाई, पोरीला न्यायला आले, एवढंच म्हणायची. मी तेव्हा त्या बायांवर चिडले. यांना पोरींच्या शिक्षणाची किंमत नाही, असं घरी बोलूनही दाखवलं. ते बोलणं आजही मला टोचतं.

खरं काय ते एका कोपीत गेल्यावर कळलं. कारखान्याच्या तळावर ऊसतोडकऱ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, असतात, पाचटाच्या नाहीतर प्लास्टिकच्या. नवराबायको पहाटे तीन-चारला उठून फडात जातात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. त्या जोडीलाच एक कोयता म्हणतात आणि मजुरी त्या कोयत्याची असते. मग दीड वर्षाचं लेकरू कोण बघणार? मी गेले तेव्हा आमच्याच वसतिगृहातून नेलेली दहा वर्षांची मुलगी कमरेवर भाऊ घेऊन चुलीशी बसली होती. एका हाताने भाकरी थापत होती आणि पोर चुलीकडे झेपावलं की कोपराने मागे ढकलत होती. त्या कोपराच्या हालचालीत मला माझ्या वसतिगृहाचं चुकलेलं गणित दिसलं. आम्ही मुलगी ठेवून घेतली होती, पण तिच्या कडेवरच्या भावाचा विचार केलाच नव्हता.

म्हणून पहिली गोष्ट मनाशी पक्की करा: मोठी मुलगी शाळेत टिकेल की नाही, हे घरातलं सगळ्यात धाकटं मूल ठरवतं. वस्तीची यादी करताना शाळेच्या वयाची मुलं तेवढी लिहू नका. शून्य ते सहा वयाची सगळी लेकरं लिहा. तीन वर्षांवरचं मूल अंगणवाडीत जातंय का, तान्हं कुणाकडे राहणार, गावात आजी आहे का, तिची नजर ठीक आहे का, तिला चूल पेटवता येते का. आम्ही पुढे एक साधी वही केली. एका पानावर एक घर. त्यात आजीचं नाव सगळ्यात वर.

आजीवर मी एवढा भर का देते? वसतिगृह हा शेवटचा उपाय आहे. मूल आपल्या गावात, आपल्या माणसाजवळ झोपलं आणि आपल्याच शाळेत गेलं, तर त्यापेक्षा चांगलं काही नाही. आजी मूल सांभाळायला तयार असते. अडतं ते दोन वेळच्या जेवणाशी, आजारपणाशी, आणि संध्याकाळच्या अभ्यासाशी. दुपारचं जेवण पहिली ते आठवीच्या मुलांना शाळेत मिळतं. सकाळ-संध्याकाळच्या जेवणासाठी हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे. ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते, आणि आमच्याकडच्या गावांत मुलं शाळेत जेवून रात्री आजीकडे किंवा नातेवाइकांकडे झोपायला जात. तिचा प्रस्ताव वेळेत गेला पाहिजे, नाहीतर मंजुरी येईपर्यंत अर्धा हंगाम सरतो. ऑगस्टमध्येच मुख्याध्यापकांना भेटा. यादी करायला, आईबापांची संमतिपत्रं भरून घ्यायला मदतीचा हात द्या. मिशनचं स्वतःचं वसतिगृह काढण्याआधी सरकारचं जे आहे ते नीट चालायला मदत करणं, हे मला फार उशिरा कळलं. त्यात मिशनचं नाव कुठे लागत नाही. ते लागायची गरजही नाही.

आमच्या व्हरांड्यात मग काय चालायचं? संध्याकाळी सहा ते आठ अभ्यास. दोन सतरंज्या, एक फळा, एक मोठा दिवा आणि पाण्याचा माठ. आजी लोक पायरीवर बसायच्या, तंबाखू मळत, आपापल्या नातवंडांकडे बघत. कुणाला ताप असला की तिथेच कळायचं. कोण तीन दिवस आलं नाही, तेही कळायचं. चौथ्या दिवशी माझे पती सायकलवर त्या वस्तीला जायचे. या चौथ्या दिवसाच्या फेरीने जेवढी मुलं वाचवली तेवढी दुसऱ्या कशाने वाचवली नाहीत. आठ दिवस गैरहजर राहिलेलं मूल परत आणणं फार अवघड असतं. त्याला लाज वाटते, मागे पडल्याची भीती वाटते, आणि घरातल्यांनी तोवर त्याला एखादं काम लावून दिलेलं असतं.

ज्यांना आजी नाही, ती मुलं जातातच. त्यांच्यासाठी कागद सांभाळणं हे तुमचं काम. हे काम रुक्ष वाटेल, पण जीव ओतून करा.

शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१०पासून. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला तो आहे. त्यातल्या चार गोष्टी तोंडपाठ करा. एक, वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दोन, वर्ष सुरू झाल्यावर मूल आलं तरी त्याला घ्यावंच लागतं. तीन, दुसऱ्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून अडवता येत नाही. चार, मागे पडलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवून जादा शिकवणं ही शाळेची जबाबदारी आहे. शिवाय आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. हे सगळं शिक्षकांना माहीत असतं. तरी पटावरची संख्या, वर्गातली गर्दी, परजिल्ह्यातलं मूल, भाषेचा हेल, अशा कारणांनी टाळाटाळ होते. भांडायला जाऊ नका. मुलाला हाताला धरून घेऊन जा, वर्गाच्या दाराशी उभं करा आणि नम्रपणे बसायला जागा मागा. समोर उभ्या असलेल्या लेकराला नाही म्हणणं माणसाला जड जातं.

स्थलांतराला निघणाऱ्या मुलाला शाळेने शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं. त्यावर त्याची इयत्ता, कुठवर शिकलाय, हे असतं. ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसवून घेतात आणि परत आल्यावर इथे त्याचा धागा पुन्हा जोडता येतो. पूर्वी कारखान्यांच्या तळावर साखरशाळा चालायच्या. कायदा आल्यावर भर जवळच्या नियमित शाळेत बसवण्यावर आला. पण फडापासून ती शाळा दोन-तीन किलोमीटर लांब असली तर मूल जात नाही, हेही खरं. म्हणून गाड्या निघायच्या आधी मुकादमाकडून कारखान्याचं आणि तळाचं नाव लिहून घ्या, आणि तिथल्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एखाद्या ओळखीच्या घराला निरोप पाठवा. पश्चिम महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी आपली मंडळी आहे. अमुक तळावर आमच्या गावची चार लेकरं आलीत, त्यांना शाळेपर्यंत सोडाल का, एवढंच विचारा. मी हे दर वर्षी करत आले आणि एकदाही कुणी नाही म्हटलं नाही.

एक कार्ड माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तिसरीतल्या एका मुलीने ते एप्रिलमध्ये परत आणलं. कडा पांढऱ्या झालेल्या, हाताला खरखरीत लागत होतं, ज्वारीच्या पिठाचा वास येत होता. कोपीत उंदीर फार, म्हणून आईने ते पाच महिने पिठाच्या डब्यात ठेवलं होतं. रोज पीठ काढताना ते बाजूला करायचं आणि परत आत ठेवायचं. आईला त्यावरचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. मुख्याध्यापकांनी ते हातात घेतलं, फुंकर मारली, पीठ उडालं, आणि काही न बोलता मुलीचं नाव चौथीच्या हजेरीत लिहिलं. या आयांना शिक्षणाची किंमत नाही, असं मी एके काळी म्हणाले होते.

कागदातच आणखी एक. प्रवेश देताना मुलाचं नाव आणि जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरला नीट लागली पाहिजे. जुन्या पिढीत गावोगाव शेकडो माणसांची जन्मतारीख १ जून आहे, ती मास्तरांनी अंदाजाने टाकलेली. तेव्हा ते चालून गेलं. आता आधारवर एक तारीख, दाखल्यावर दुसरी, वडिलांच्या नावात एका काना-मात्रेचा फरक, यावर दहावीचा फॉर्म आणि जातीचा दाखला अडतो. पहिलीतच पाच मिनिटं जास्त बसून हे जुळवून घ्या. जन्माची नोंद ग्रामपंचायतीत आहे का ते बघा. आईबापाचा एक दिवसाचा रोज बुडतो म्हणून ते तहसीलला जात नाहीत. तुम्ही चारजणांचे कागद एकदम घेऊन गेलात तर चौघांचा रोज वाचतो.

आता धर्माचं. तुम्ही पत्रात यावर एकच ओळ लिहिलीय, पण मला यावर जास्त लिहायचंय.

आपल्या मिशनचा इतिहास मुलांच्या शाळेपासूनच सुरू होतो. अमेरिकन मराठी मिशनची पहिली माणसं १८१३ साली मुंबईला आली आणि थोड्याच वर्षांत त्यांनी शाळा काढल्या. १८२७ साली आलेल्या मिस सिंथिया फरार पुढे अहमदनगरला मुलींना शिकवत राहिल्या आणि १८६२ साली तिथेच वारल्या. नगरच्या त्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. जोतीराव स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. या वारशाचा मला अभिमान आहे. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. १८३९ साली मुंबईत स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला आणि आईबापांनी धडाधड मुलं काढून नेली. १८४३ साली त्याच मिशनच्या शाळेत शिकलेले नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनच्या घरात राहत होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि अज्ञान मूल म्हणून त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं गेलं. तेव्हाही शाळा रिकामी झाली. याच नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ बेथेल ही वस्ती वसवली, आपल्या मराठवाड्यातच. मी त्यांना थोर मानते. तरीही श्रीपतच्या आईचा विचार केल्याशिवाय मला ती हकीकत वाचता येत नाही.

आईबाप आपलं लेकरू आपल्या व्हरांड्यात सोडून चारशे किलोमीटरवर जातात. त्यांची एकच भीती असते, आपण परत येऊ तेव्हा हे लेकरू आपलं असेल ना? त्या भीतीला धक्का लावायचा नाही. आमच्या घरी चार गोष्टी ठरलेल्या होत्या. अभ्यासाला, जेवणाला, वहीला श्रद्धेची अट नाही. सांजप्रार्थना आमच्या घराची, ती अभ्यास संपून मुलं गेल्यावर, घरात. नाताळला सगळ्या वस्तीला करंज्या आणि चहा, पण नाटकात घ्यायचं तर आईबापांना आधी विचारून. आणि मुलांना देवाविषयी प्रश्न पडला तर खोटं बोलायचं नाही, पण अज्ञान मुलाचा निर्णय कधी घडवायचा नाही. शाळा सरकारमान्य किंवा अनुदानित असेल तर पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, हे राज्यघटनेच्या २८व्या कलमातच आहे. पण मी ते कलम कळायच्या आधीपासून हे पाळत आले, कारण उपाशी मुलाच्या हातावर भाकरी ठेवून त्याच्याकडून काही मागणं, हे प्रभूच्या शिकवणीत मला कुठे सापडत नाही.

गावात तुम्हाला कुणीतरी विचारेलच, धर्मांतर करायला आलात का? राग मानू नका, त्या प्रश्नाला पावणेदोनशेहून जास्त वर्षांची कारणं आहेत. सरपंच, मुख्याध्यापक, अंगणवाडीताई यांना पहिल्या महिन्यातच घरी चहाला बोलवा. काय करणार, पैसा कुठून येतो, हे स्वतःहून सांगा. परदेशातून एक रुपयाही यायचा तर विदेशी अंशदान कायद्याखाली, म्हणजे २०१०च्या कायद्याखाली, संस्थेची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. ओळखीच्या परदेशी पाहुण्याने हातात दिलेली रक्कमही त्यातून सुटत नाही. वही स्वच्छ ठेवा.

पैशाबद्दल थोडक्यात. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीपर्यंत फी नाही, पुस्तकं मिळतात. अडतं ते चप्पल, वही, पेन्सिल, चष्मा, खरजेचं मलम, पाळीच्या दिवसांचं सामान, दाखल्यासाठीचा एसटीचा खर्च यावर. रोख देऊ नका, वस्तू द्या. आणि वाटपाचा कार्यक्रम करून फोटो काढू नका. आठवीतली मुलगी वही घेताना मान खाली घालते, ती का घालते ते तिला विचारायची वेळ येऊ देऊ नका.

आता घर. पत्राच्या शेवटी, शाईचा रंग बदललेला दिसतो, तिथे तुमच्या बायकोने एक ओळ लिहिलीय: आमच्या मुलांचं बालपण तर जाणार नाही ना? बाई, तुम्हालाच उद्देशून लिहिते.

पाळकीणबाईला पगार नसतो. पूर्वीही नव्हता. मार्गारेट विल्सन, त्याच जॉन विल्सन यांची पत्नी, मुंबईत आली तशी मराठी शिकली, मुलींच्या शाळा काढल्या, स्वतःची बाळंतपणं केली, आणि १८३५ साली वारली. भारतात तिला जेमतेम सहा वर्षं मिळाली. मी जेव्हा जेव्हा तिची हकीकत आठवते तेव्हा मला तिच्या कामाच्या थोरवीबरोबर तिचं थकणंही दिसतं. म्हणून पहिल्या दिवशीच मिशनच्या कमिटीकडून लेखी घ्या, तुमचं काम कोणतं, किती वेळाचं, मानधन किती. ते संकोचाचं नाही. तुम्ही आजारी पडलात की काम बंद पडेल, असं काम उभं करू नका.

आमचा दिवस असा जायचा. साडेपाचला उठणं, पाणी. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर, त्यामुळे पाणी भरणं हीच पहिली प्रार्थना. मग आम्ही दोघं वीस मिनिटं बायबलमधलं वचन वाचायचो, मुलं उठायच्या आत. सातला मुलांचे डबे. साडेनऊला आमची मुलं आणि वस्तीवरची आठ-दहा मुलं एकत्र शाळेला निघायची. दुपारी वस्त्यांवर फेरी, कागद, दवाखाना. सहा ते आठ व्हरांडा. आठला दार बंद. हे दार बंद करणं मला सातवं वर्ष उजाडेपर्यंत जमलं नाही. तोवर आमच्या घरात ताटावर बसलं की कुणीतरी हाक मारायचं आणि मी उठायची.

एक दिवस माझी मोठी मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची, वर्गातल्या एका मुलीच्या अंगात आपला निळा फ्रॉक बघून घरी आली. मी तो तिला न विचारता दिला होता. तिला लहान होत होता, म्हणून. ती रडली नाही. जेवताना शांतपणे म्हणाली, आई, तू त्या मुलींना काही द्यायच्या आधी त्यांच्या आईला विचारतेस, मला का नाही विचारलंस? त्यानंतर आमच्या घरात मुलांच्या कपाटाला मी हात लावला नाही. देण्यातला आनंद मुलांना स्वतः मिळू द्या. आपण त्यांच्या वतीने दानशूर होऊ नये.

तुमच्या सहा वर्षांच्या मुलाला कुठल्या शाळेत घालावं, याचं माझं उत्तर पक्कं आहे: त्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत. लोक म्हणतील, इंग्रजी माध्यमाला घाला, गाडी येते. आम्हालाही म्हणाले. आमची तिघंही त्या शाळेत शिकली. त्यामुळे आम्ही पालक म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत बसू शकलो. त्या समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या असतात, आणि एकूण जागांपैकी निम्म्या महिलांच्या. वस्तीवरच्या दोन आया माझ्याबरोबर पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या, मुख्याध्यापकांसमोर. पुढे घरी तुम्ही इंग्रजी वाचन घ्या, गोष्टी सांगा, तेवढं पुरतं. आठवीनंतर गरज वाटली तर शहराचा विचार करा. आमच्या धाकट्याला आम्ही अकरावीला पुण्याला पाठवलं, आणि तो निर्णय त्याने स्वतः घेतला.

वसतिगृह काढायची वेळ आलीच, म्हणजे खरोखर कुणी नसलेली मुलं असतील, तर बाल न्याय अधिनियम २०१५खाली नोंदणी केल्याशिवाय एकही मूल रात्री ठेवू नका. मुलींसाठी महिला अधीक्षिका हवीच. कुठलाही पुरुष, पाळक असो वा पाहुणा, मुलांबरोबर बंद खोलीत एकटा थांबणार नाही, हा नियम तुमच्या पतीपासून सुरू करा. आमच्या ओळखीच्या एका जागी एका कार्यकर्त्याविषयी मुलीने तक्रार केली, आणि मोठ्यांनी मंडळीची बदनामी होईल म्हणून ती दाबली. त्या मुलीची शाळा सुटली. तो दुसऱ्या गावी कामाला लागला. हे लिहिताना अजून माझे हात थरथरतात. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२चा आहे. त्याखाली माहिती असून पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे. कमिटीला विचारायचं नाही, आधी कळवायचं.

सातवी-आठवीनंतर मुलींचा प्रश्न वेगळाच होतो. मी वर सांगितलं की जोडी म्हणजे कोयता. उचल जोडीला मिळते. म्हणून या पट्ट्यात पोराचं लग्न लवकर करायची घाई असते, त्यासाठी पोरगी शोधली जाते, आणि तेरा-चौदा वर्षांची मुलगी दिवाळीच्या आत कोयत्याला जोडली जाते. शिवाय वयात आलेली मुलगी तळावर कोपीत एकटी ठेवायची भीती आईला असते, म्हणून ती लग्नाला होकार देते. यावर कायद्याचा धाक दाखवून एखादं लग्न थांबतं, पुढच्या वर्षी लपून होतं. आम्हाला उपयोगी पडलं ते मुलीला जूनमध्येच कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयात, म्हणजे मुलींच्या सरकारी निवासी शाळेत, किंवा आश्रमशाळेत जागा मिळवून देणं. जागा मिळाली की आईची काळजी मिटते आणि तीच नवऱ्यापुढे उभी राहते. गावातून रोज जाणारी असेल तर पाचवीपासून पुढच्या मुलींना एसटीचा मोफत पास आहे, तो काढून द्या, आणि पहिले पंधरा दिवस दोघीतिघींना एकत्र बसने पाठवा. ज्यांचं मधेच सुटलं त्यांच्यासाठी दहावीला बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म आहे. आमच्या व्हरांड्यातल्या एका मुलीने तो लग्नानंतर, मूल झाल्यावर भरला. तिचं मूल सासू सांभाळत होती. आज ती अंगणवाडीत मदतनीस आहे.

जूनला सामान नेताना पुस्तकांच्या पेट्या नंतर आणा. आधी दोन सतरंज्या, उवांची फणी, नखं कापायची कात्री, जाड पुठ्ठ्याची वही आणि चांगला दिवा न्या. पोचल्यावर पहिल्या आठवड्यात तुमच्या तीन वर्षांच्या लेकराचं नाव गावच्या अंगणवाडीत घाला आणि पहिले काही दिवस तुम्ही स्वतः तिथे बसा. वस्तीवरची धाकटी लेकरं घेऊन बहिणी तिथेच येतात. त्यांची नावं विचारून घ्या, वहीचं पहिलं पान तिथेच भरेल.